रानभाजी ओळखणारे ॲप कितपत विश्वासाचे?

प्रश्न : मोबाइल ॲपने ओळखलेली रानभाजी बिनधास्त खावी का?

उत्तर : नाही. प्लांटनेट, गुगल लेन्ससारखी ॲप्स फोटो साठ्यातील छायाचित्रांशी ताडून जवळची नावे सुचवतात; तो अंदाज असतो. पावसाळ्याच्या तोंडावर झाडाला फूल नसते, तेव्हा चुकण्याचा संभव अधिक. पानाच्या दोन्ही बाजू, देठ खोडाला जुळतो ती जागा, फूल आणि फळ यांचे वेगवेगळे फोटो काढल्यास ओळख पक्की होण्यास मदत होते. उदाहरणार्थ, कळलावीच्या पानाचे टोक तणाव्यासारखे वळलेले असते. ते फोटोत आले नाही, तर मोठी खूणच हुकते. तिच्या कंदातील कोल्चिसिन जीवघेणे ठरू शकते. म्हणून सुचवलेले शास्त्रीय नाव वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात पडताळावे आणि ती भाजी नेहमी खाणाऱ्या स्थानिक जाणकाराने दुजोरा दिल्यावरच चुलीवर चढवावी.