आजचं चिंतन : गीता 2.28 – जिरलेलं पाणी



परवा 27वा श्लोक झाला आणि काल इथे काहीच आलं नाही. दोघातिघांनी विचारलंत, "ताई, बरं आहे ना?" बरं आहे. 28वा लिहायला बसले आणि उठले, एवढंच.

आधी श्लोकाचा अर्थ बघू. भगवंत अर्जुनाला सांगतात की सगळे जीव सुरुवातीला अव्यक्त असतात, मधल्या काळात व्यक्त होतात आणि शेवटी पुन्हा अव्यक्तात जातात. मग त्यासाठी विलाप कशाला करायचा? अर्थ सोपा आहे. ज्ञानेश्वरीत माउली इथे वाऱ्याने पाण्यावर उठणाऱ्या लाटेचा आणि सोन्याच्या दागिन्याचा दाखला देतात, तोही चटकन कळतो. कळण्याचा प्रश्नच नव्हता. मला या श्लोकाचा राग होता.

भाद्रपदात आई गेली. ती नाशिकला, मी लीड्सला. रामकुंडावरचं अस्थिविसर्जन दादाने व्हिडिओ कॉलवर दाखवलं. नेमकं तेव्हाच नेटवर्क अडकलं आणि त्याचा हात स्क्रीनवर तसाच थांबून राहिला, पाण्यापासून वीतभर वर. दहाव्याला मी पोचले. भेटायला येणारे जवळजवळ सगळे हाच श्लोक आपापल्या शब्दांत ऐकवून गेले. एक काका म्हणाले, ती मुक्त झाली. मावशी म्हणाली, बघ, तुमच्याच घरात परत येईल. कुणी म्हणालं, आता ती वैकुंठात. प्रत्येकाला पत्ता ठाऊक होता. मला सोडून.

आता जरा लांबचं सांगते, परत श्लोकावर येणारच आहे.

गेल्या शनिवारी मी मालमला गेले होते. यॉर्कशायर डेल्समधलं हे छोटं गाव. लीड्सहून ट्रेनने स्किप्टन आणि तिथून बस. इथले लोक धबधबे बघायला आपल्यासारखे गाडीतून उतरून सेल्फी काढून परतत नाहीत (आपण सगळेच तसे नाही, माहीत आहे), दिवसभर पाण्याच्या काठाने चालतात. शेतांतून, मेंढ्यांच्या कुरणांतून सगळ्यांसाठी खुल्या पायवाटा असतात. दोन्ही बाजूंना चुना-मातीशिवाय नुसते दगड रचून बांधलेल्या भिंती. कोकणातल्या कुणाला दाखवल्या तर तो सरळ म्हणेल, गडगे आहेत की हे.

गावातून निघालं की ओढ्याच्या काठाने झाडीत शिरतो. मे महिन्यात तिथे रानलसणाचा पांढरा फुलोरा असतो आणि वास असा, की फोडणीची आठवण यावी. झाडी संपता संपता जॅनेट्स फॉस. 'फॉस' हा धबधब्यासाठीचा जुना नॉर्स शब्द. जॅनेट म्हणजे पऱ्यांची राणी, ती मागच्या गुहेत राहते अशी आख्यायिका. धबधबा लहानसाच, पण खालचा डोह सुंदर. लोकर कातरण्याआधी मेंढ्या त्यात धुवायचे. पुढे गोर्डेल स्कार, चुनखडकाची उंच घळ आणि तिच्यातून टप्प्याटप्प्याने कोसळणारं पाणी. धाडसी लोक त्या पाण्याच्या कडेनेच चढून जातात. मी डांबरी रस्त्याने फेरा मारला. कुणाला सांगू नका.

वर 377 मीटर उंचीवर मालम टार्न नावाचं तळं आहे. आजूबाजूला सगळा चुनखडक आणि चुनखडकात पाणी ठरत नाही. पण तळ्याखाली पाटीच्या दगडाचा थर आहे, म्हणून ते तिथे टिकतं. तळ्याच्या दक्षिणेकडून एक ओढा बाहेर पडतो. मी त्याच्या काठाने चालत होते. चांगला वाहता ओढा, खळखळ आवाज करणारा. जिथे पाटीचा दगड संपून चुनखडक सुरू होतो, तिथून थोडं पुढे ओढा पातळ होत गेला. मग गोट्यांमधून नुसती ओल. मग तीही नाही.

भोवरा नाही, विवर नाही, मोठा आवाज नाही. दगडांत पाणी जिरलं आणि पुढे कोरडी जमीन. नकाशात या जागेचं नाव 'वॉटर सिंक्स' असंच आहे.

मी तिथे बरंच थांबले. कारण तो गोठलेला हात आठवला.

पुढची दरी कोरडी आहे. हिमयुग संपताना बर्फाच्या पाण्याने कोरलेली. खाली उतरत गेलं की ती अचानक एका कड्यावर संपते. हा मालम कोव्ह, सरळ 80 मीटरचा चुनखडकाचा अर्धगोल. कधीकाळी इथून प्रचंड धबधबा पडायचा. आता कडा कोरडा. फक्त 2015 च्या 6 डिसेंबरला, डेस्मंड वादळाच्या पावसाने जमिनीखालच्या वाटा तुडुंब भरल्या आणि पाणी पुन्हा कड्यावरून कोसळलं. एका दिवसापुरतं. त्याचे व्हिडिओ आहेत, बघा.

कड्याच्या पायथ्याशी एक ओढा खडकाखालून गुपचूप बाहेर येतो. मी तिथे बसून डबा उघडला आणि मनात म्हटलं, आलं बरं का पाणी! वर जिरलं ते इथे निघालं. मला फार बरं वाटलं. मनात या पोस्टचा शेवटसुद्धा तयार झाला.

शेजारी एक म्हातारी बाई कुत्र्याला घेऊन बसल्या होत्या. मी हौसेने त्यांना सांगितलं, हे वरच्या तळ्याचं पाणी ना? त्या हसल्या. म्हणाल्या, "सगळ्यांना तसंच वाटतं. ते नव्हे हे."

आणि खरंच नव्हे. घरी येऊन वाचलं. कोव्हखाली निघणारं पाणी वर पश्चिमेला दुसऱ्याच एका ठिकाणी जिरतं, जुन्या शिसं वितळवायच्या भट्टीजवळ. तळ्याचं पाणी मुख्यतः गावाच्याही दक्षिणेला, एका साध्या शेतात झऱ्यांच्या रूपाने वर येतं. त्या जागेला एअर हेड म्हणतात. म्हणजे जमिनीखाली कुठेतरी दोन्ही पाण्यांच्या वाटा एकमेकींना ओलांडतात. पूर्वी तळ्याचं पाणी एकदम सोडून, आणि नंतर पाण्यात रंग मिसळून लोकांनी हे तपासलं. वरून बघून हे कुणालाच सांगता आलं नसतं. समोर कोरडी दरी, तिच्या टोकाला कडा, कड्याखाली पाणी. अंदाज अगदी सरळ. आणि चुकीचा.

आता श्लोकाकडे. भगवंतांनी वापरलेला शब्द बघा : अव्यक्त. जे उघड नाही, इंद्रियांना सापडत नाही ते. 'नाही' असं ते म्हणत नाहीत. पण 'अमुक ठिकाणी आहे' असंही या श्लोकात म्हणत नाहीत. मी इतके महिने त्या शब्दात पत्ता शोधत होते, आणि भेटायला आलेली माणसं प्रेमापोटी मला पत्ते देत होती. मी स्वतः कोव्हखाली बसून डबा खाताना तेच केलं. मला दिसलेलं पहिलं पाणी मी आपलं मानून टाकलं.

दुसरा शब्द 'परिदेवना'. त्याचा अर्थ विलाप. आपण त्याचं 'दुःखच करू नको' असं करून टाकतो. मला ते पटत नाही, आणि माझ्या बाजूला खुद्द अर्जुन आहे. ही गीता ऐकलेला अर्जुन युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यूसाठी ढसाढसा रडला. कृष्णाने त्याला जवळ राहून समजावलं. तुला सांगितलं होतं ना, म्हणून झिडकारलं नाही. मृत्यूच्या घरी जाऊन हा श्लोक ऐकवणाऱ्यांनी (मीही ऐकवलाय, एका मैत्रिणीला, क्षमा कर ग) द्रोणपर्वातला तो भाग एकदा वाचावा.

लहानपणी आईने आम्हाला त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर नेलं होतं. तिथे गोदावरी वर डोंगरावर दिसते, गुप्त होते, गंगाद्वाराला दिसते, परत गुप्त होते आणि मग खाली कुशावर्तात. मी विचारलं होतं, "आई, मधे कुठे जाते ग ती?" ती धापा टाकत होती. म्हणाली, "ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये. पायऱ्या बघ, पडशील."

एअर हेडला उगवणारी नदी म्हणजे एअर. ती स्किप्टनवरून खाली लीड्सला येते, आणि ज्या पुलावरून मी रोज ऑफिसला जाते त्याच्याखालून वाहते. काल सकाळी पुलावर थांबले. दादाला फोन लावला आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदाच विचारलं, नेटवर्क गेल्यावर पुढे काय झालं होतं? तो थोडा वेळ बोलला नाही. मग सगळं सांगितलं, पाणी किती गार होतं इथपासून. दोघंही रडलो. ऑफिसला उशीर झाला आणि म्हणून पोस्टही राहिली.

उद्या श्लोक 29. तिथे भगवंत म्हणतात की या आत्म्याकडे कुणी आश्चर्याने बघतं, कुणी आश्चर्याने बोलतं, कुणी ऐकतं, आणि ऐकूनही तो कुणाला कळत नाही. उद्या वेळेवर येईन.

रामकृष्ण हरी.