गवती चहाचे तेल : वजन पाण्याचे, भाव सिट्रालचा



पाऊस उघडला, गवती चहाची कापणी सुरू होईल. मागच्या हंगामात एका खेपेचे ओले गवत रात्रभर ढिगात राहिले. सकाळी हात घातला तर आतून गरम! तेल कमी उतरले, वासही बिघडला. तसे पुन्हा होऊ नये म्हणून आजचा हा धडा.

*तेल म्हणजे काय?*
पानाच्या आत तेलाचे बारीक कण असतात. त्यातला मुख्य घटक सिट्राल. चांगल्या तेलात तो ७५ ते ८० टक्के असतो. लिंबासारखा वास त्याचाच. साबण, अत्तर यांत तो लागतो, त्यापासून अ जीवनसत्त्वही बनवतात. खरेदीदार गॅस क्रोमॅटोग्राफी यंत्रावर सिट्राल मोजतो आणि त्यावर भाव ठरवतो.

*वाफेने तेल कसे निघते?*
सिट्राल एकटे उकळायला २०० अंशांच्या वर उष्णता लागते. तेवढ्यात ते करपेल. पण तेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून दोघांची वाफ एकत्र झाली की १०० अंशांच्या आतच तेल उडून बाहेर येते. थंड नळीत वाफेचे पुन्हा पाणी होते. तेल हलके, ते वर तरंगते.

*कापणी*
१. लागवडीनंतर पहिली कापणी साधारण ४ महिन्यांनी, पुढच्या दीड-दोन महिन्यांनी. जमिनीपासून १० ते १५ सेंमी वर कापा, नाहीतर ठोंब मरतो.
२. दव उडाल्यावर, कोरड्या दिवशी कापा.
३. सावलीत पातळ पसरून काही तास सुकू द्या. वजन घटेल, घाबरू नका. घटते ते पाणी. टाकीत गवत जास्त मावते, जळण वाचते.
४. ढीग नको. कडक उन्हातही टाकू नका, तेल उडते.

*टाकीवर*
५. गवत सारखे दाबून भरा. पोकळी राहिली तर वाफ तिथूनच निसटते.
६. बाहेर येणारे पाणी गरम लागले तर थंड पाण्याचा प्रवाह वाढवा. नाहीतर तेल वाफेबरोबर जाते.
७. बहुतेक तेल पहिल्या तासा-दीड तासात येते. २ ते ३ तासांनंतर जळण वाया.
८. तेलातले पाणी पूर्ण काढा. स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात काठोकाठ भरून सावलीत ठेवा. लोखंडी किंवा गंजका डबा नको. हवा, ऊन, गंज यांनी सिट्राल घटते.

*हिशेब*
१ टन हिरव्या पानांतून साधारण ४ ते ६ किलो तेल. म्हणून गवताचे वजन वाढवण्यासाठी पाणी मारू नका. तेलात दुसरे तेल तर मुळीच मिसळू नका. यंत्रावर पकडले जाते आणि एका डब्यापायी सगळ्यांचा लॉट परत येतो.

*नवीन लागवड करायची असेल तर*
भातखाचरात नको, पाणी साचले की ठोंब कुजतात. मुरबाड-शहापूरकडची वरकस, उताराची जमीन चालते. परसातला चहाचा ठोंब तेलासाठी घेऊ नका. लखनौच्या सीमॅप संस्थेच्या कृष्णा, प्रगती या जाती तेलासाठीच आहेत.

आपल्या राज्याला हे काम नवे नाही. खानदेशातले रोशा गवताचे तेल पूर्वी मुंबई बंदरातून परदेशी जायचे.

कापणीच्या आदल्या दिवशी ग्रुपवर गाव आणि अंदाजे वजन कळवा. टाकीचा नंबर मिळाल्यावरच विळा लावा.