अकरा आठवड्यांचं एक वर्ष

"रीचेकिंगचा फॉर्म कुठे मिळतो हो?"

डिसेंबरातल्या एका रविवारी, मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये एका आईने मला विचारलं. आम्ही सिएटलच्या पूर्वेकडच्या उपनगरांत राहतो. तिची मुलगी अकरावीत, 'रनिंग स्टार्ट'मधून कॉलेजात पहिलंच क्वार्टर संपवलेलं, आणि रसायनशास्त्रात सी. आईचं सगळं शिक्षण पुण्यात. मार्क कमी पडले की उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची आणि पुनर्मूल्यांकनाला अर्ज टाकायचा, ही तिच्या हाडात भिनलेली वाट. असा फॉर्म नसतो म्हटल्यावर तिचा दुसरा प्रश्न तयार होता: "मग इम्प्रूव्हमेंटला तरी बसता येईल ना?"

बसता येतं. पण आपल्याकडे इम्प्रूव्हमेंट म्हणजे जुनं विसरून नवं धरणं. इथे जुनंही कागदावर राहतं.

शाळेत असतानाच कॉलेजचे विषय घेण्याची सोय अमेरिकेत मिनेसोटाने १९८५ साली कायद्याने सुरू केली. वॉशिंग्टन राज्याचा रनिंग स्टार्टचा कायदा १९९०चा. ओहायोत 'कॉलेज क्रेडिट प्लस' आहे, फ्लोरिडात 'ड्युअल एनरोलमेंट', कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजं शाळकरी मुलांना खास प्रवेश देतात. नावं निराळी, नियम निराळे, आमिष मात्र सगळीकडे एकच: शिकवणी फी जवळपास शून्य आणि क्रेडिट खरंखुरं कॉलेजचं. आमच्याकडे पुस्तकं, किरकोळ फी आणि जाण्यायेण्याचा खर्च घरच्यांनी करायचा, बाकी भार सरकार उचलतं. मराठी घरात यावर फार चर्चा होत नाही. फुकट आहे, पोरगं हुशार आहे, घेऊन टाक तीन विषय!

घोटाळा 'कॉलेज' या शब्दातच आहे. आपल्या पिढीने अकरावीला 'कॉलेज' म्हटलं. ज्युनिअर कॉलेजचं ते पहिलं वर्ष म्हणजे दहावीच्या दमणुकीनंतरचा विसावा; अकरावीचे मार्क कोण विचारतो, असं घरची मोठी माणसंही म्हणायची. इथली अकरावी आधीच महत्त्वाची असते, कारण विद्यापीठांना अर्ज करताना हातात असलेला शेवटचा पूर्ण निकाल तिचाच. त्या वर्षात मूल ज्या कॉलेजात बसतं, ते खरं कॉलेज. शेजारच्या बाकावर नोकरी करून शिकणारी पस्तिशीची बाई असते. प्राध्यापकाला वर्गातलं कोण सोळा वर्षांचं आहे हे ठाऊक नसतं, आणि ठाऊक असलं तरी तो पेपर सोपा काढत नाही.

आता गणित. वॉशिंग्टनमध्ये कॉलेजची ५ क्वार्टर क्रेडिटं म्हणजे शाळेचं १ क्रेडिट, अर्थात शाळेतल्या एका विषयाचं आख्खं वर्ष. क्वार्टर असतं परीक्षा धरून साधारण अकरा आठवड्यांचं. शाळेत जो विषय सप्टेंबर ते जून चालतो, तेवढं वजन इथे सप्टेंबर ते डिसेंबरात उरकतं. वेग वाढतो हे पालकांना कळतं. निकालाचं वजनही तेवढंच वाढतं, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शाळेत ऑक्टोबरात आजारी पडलेलं मूल मार्चपर्यंत सावरतं. क्वार्टरमध्ये ऑक्टोबरात आजारी पडलं, तर पहिली मिडटर्म गेलीच, आणि सावरायला राहतात पाच-सहा आठवडे. त्या अकरा आठवड्यांतला सी शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवर वर्षभराच्या सीएवढाच जड बसतो.

जीपीए काढायची रीत सोपी आहे. एला ४, बीला ३, सीला २, डीला १, एफला शून्य. त्याला क्रेडिटने गुणायचं, बेरीज करायची, एकूण क्रेडिटने भागायचं. समजा मुलाने ५-५ क्रेडिटचे तीन विषय घेतले आणि ए, बी, एफ मिळवले. २० अधिक १५ अधिक शून्य, भागिले १५: २.३३. त्याच मुलाने तिसरा विषय मुदतीत सोडला असता, तर ३५ भागिले १०, म्हणजे ३.५. विषय तेच, अभ्यास तोच. एक तारीख पाळली की चुकली, एवढाच फरक.

म्हणून माझ्या मते सिलॅबसइतकंच कॉलेजचं कॅलेंडर वाचायला हवं. त्यात दोन तारखा असतात. पहिली सुरुवातीच्या दिवसांतली. तोवर विषय सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर खूणही उरत नाही. दुसरी क्वार्टरच्या उत्तरार्धातली. तोवर सोडला तर 'डब्ल्यू' लागतो, जीपीए शाबूत राहतो. त्यानंतर जे येईल ते. तारखा कॉलेजागणिक बदलतात, त्यामुळे मित्राच्या मुलाची तारीख आपल्या कामाची नाही. आणि सोडायचं तर रीतसर अर्ज करून सोडायचं. वर्गात जाणं बंद केलं की नाव आपोआप कटेल, असं समजून घरी बसलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या नावापुढे एफ लागला.

डब्ल्यू म्हणजे कलंक, असा समज आपल्याकडे फार. एखादा डब्ल्यू कुणाचं आयुष्य बिघडवत नाही. पण तो अगदी फुकटही नसतो, आणि इथे 'सॅटिसफॅक्टरी अकॅडेमिक प्रोग्रेस' नावाची भानगड येते. पुढे कॉलेजात सरकारी आर्थिक मदत हवी असेल, तर दोन गोष्टी पाहिल्या जातात: जीपीए, ज्याची रेघ साधारणपणे २.०ला असते, आणि घेतलेल्या क्रेडिटांपैकी किती पुरी केली, ज्याची रेघ दोन तृतीयांशच्या आसपास. डब्ल्यू पहिल्यात मोजला जात नाही, दुसऱ्यात जातो. वरच्या उदाहरणात १५ घेतली, १० पुरी केली: मुलगा नेमका उंबरठ्यावर. मूल शाळेत असेतो ही मदत मिळतच नाही, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण शाळा संपल्यावर त्याच कॉलेजात शिकायला गेलं, तर तिथल्या जुन्या नोंदी पुढे येऊ शकतात. एच-४ व्हिसावरच्या मुलांना केंद्र सरकारची ही मदत मुळातच नाही, तेव्हा त्या घरांनी या परिच्छेदाची धास्ती घेऊ नये. ओहायोतल्यांनी मात्र घ्यावी. तिथे कॉलेजच्या विषयांतला जीपीए २.०च्या खाली गेला, किंवा एकाच सत्रात दोन विषय सोडले, की प्रोबेशन लागतं. नापास झालेल्या विषयाचा खर्च शाळेचा जिल्हा घरच्यांकडून मागूही शकतो.

आपल्या समाजात सर्वांत महाग पडणारी गोष्ट मात्र वेगळीच. निम्म्या घरांत मुलाने डॉक्टर व्हावं अशी इच्छा, निदान आजीची तरी, असते. अमेरिकेतल्या बहुतेक मेडिकल कॉलेजांचे अर्ज एएमसीएएस या एकाच यंत्रणेतून जातात. तिथे शाळेत असताना घेतलेला कॉलेजचा प्रत्येक विषय नोंदवावा लागतो आणि तो जीपीएत धरला जातो. विषय पुन्हा घेऊन ए मिळवला, कॉलेजने पहिली ग्रेड माफ केली, तरी ही यंत्रणा दोन्ही मोजते. सोळाव्या वर्षी रसायनशास्त्रात मिळालेला सी बाविसाव्या वर्षी अर्जात हजर असतो. याच्या शेजारी शाळेतच शिकवले जाणारे कॉलेजच्या तोडीचे एपी विषय ठेवून पाहा. एपीची परीक्षा वाईट गेली, तर तो गुणांक विद्यापीठाला न कळवण्याची मुभा बहुतेक ठिकाणी असते. कॉलेजच्या ग्रेडला ती मुभा नाही. मेडिकलकडे कल असलेल्या मुलाने पहिल्याच क्वार्टरला रसायनशास्त्र किंवा कॅल्क्युलस घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगतो. आधी इंग्रजी लेखनाचा, नाहीतर इतिहासाचा एक विषय घ्या. एकच. कॉलेजची चाल कळू द्या.

फायदे नाहीत असं नाही. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजचा जो विषय युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला (युसीला) चालतो, तो युसी ऑनर्ससारखा धरते: एला ५, बीला ४, सीला ३, अर्थात त्याला आठ सत्रांची मर्यादा आहे. आणि हे विषय घेतले म्हणून मूल 'ट्रान्सफर' ठरत नाही, अर्ज फ्रेशमन म्हणूनच राहतो. राज्याच्या सरकारी विद्यापीठांत क्रेडिटं बहुधा चालतात, कधी दोन वर्षं वाचतात. नामांकित खासगी विद्यापीठांत अनेकदा ती नाकारतात, विशेषतः तोच विषय शाळेच्या पदवीसाठी वापरला असेल तर. वाचणारे पैसे मनात धरून बसण्याआधी ज्या विद्यापीठावर डोळा आहे त्याचं क्रेडिट धोरण वाचा.

राहता राहिले आपण, आईबाप. १९७४ च्या 'फेर्पा' कायद्याप्रमाणे मूल कॉलेजात शिरलं की त्याच्या तिथल्या नोंदींवरचा हक्क त्याचा होतो, वय कितीही असो. आमच्या ओळखीतल्या एका वडिलांनी प्राध्यापकाला सविस्तर, अत्यंत नम्र ईमेल लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं: ही व्यक्ती माझ्या वर्गात आहे की नाही, हेही मी सांगू शकत नाही. वडील दुखावले. शाळेच्या काउन्सेलरकडे ग्रेड पोहोचतात आणि तिथून त्या आपल्याला पाहता येतात, पण तोवर क्वार्टर संपलेलं असतं. मधल्या काळात प्राध्यापकाच्या ऑफिस अवर्सना जाऊन "सर, मला हे समजलं नाही" असं म्हणणं मुलालाच जमायला हवं. मला विचाराल तर रनिंग स्टार्टसाठी मूल तयार आहे का, याची खरी चाचणी हीच. गणितात कितीही पुढे असलेलं पण दंतवैद्याची अपॉइंटमेंटसुद्धा आईकडून घेणारं मूल मी एक वर्ष थांबवेन.

त्या डिसेंबरातल्या मुलीने पुढच्या क्वार्टरला दोनच विषय घेतले. सी आहे तिथेच आहे.

तुमच्या मुलाचं क्वार्टर सुरू असेल, तर आज रात्री त्याच्याबरोबर बसून डब्ल्यूची शेवटची तारीख शोधा, कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि फ्रिजवर लावा. तिच्या आदल्या आठवड्यात त्याला एवढंच विचारा, "आज निकाल लागला तर किती?" आणि तो काहीही म्हणाला तरी आधी ऐकून घ्या.