छाट निघालेली चित्रे
(सिगारेट-कार्डांतील छपाईच्या चुका आणि त्यांवरून कळणारा इतिहास)

आमच्या भिंगारच्या घरात माळ्यावर एक जुना पत्र्याचा डबा आहे. पणजोबा कॅम्पातील गोऱ्या सोल्जरांच्या मेसमध्ये कामाला होते, त्यांचा तो डबा. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत तो खाली निघाला. आत दोन पितळी बटणे, एक मोडका वस्तरा आणि जेमतेम दोन बोटे रुंद अशी सात रंगीत चित्रे निघाली. चित्रांवर हिंदी पलटणींतील शिपाई होते आणि मागे कैची छाप सिगारेटची जाहिरात. दादाने सहा चित्रे पुसून वहीत ठेवली आणि सातवे केरात टाकायला काढले. "हे खराब छापलंय, याला कोण विचारणार?" असे तो म्हणाला. त्या सातव्या चित्रात शिपायाच्या फेट्याचा लाल रंग रेघेच्या बाहेर उजवीकडे सरकला होता, त्यामुळे बिचाऱ्याला दोन डोकी असल्यासारखे दिसत होते.

ते चित्र मी केरातून उचलले. तेव्हा केवळ गंमत वाटली होती. पुढे या विषयावर थोडे वाचन झाले तेव्हा लक्षात आले, की सातांपैकी सर्वांत जास्त बोलणारे चित्र हेच आहे. प्रस्तुत लेख त्याच्यासंबंधी आहे.

प्रथम ही चित्रे आली कोठून, हे थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेटी कागदाच्या मऊ पाकिटात विकल्या जात. पाकीट खिशात चुरगळू नये म्हणून आत जाड कागदाचा एक तुकडा घालीत. १८८० नंतर बॉन्सॅकच्या यंत्रामुळे सिगारेटी हजारोंनी वळल्या जाऊ लागल्या, कंपन्यांची चढाओढ लागली, आणि या कोऱ्या तुकड्यावर चित्र छापण्याची कल्पना निघाली. अमेरिकेत रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर कंपनीने आणि इंग्लंडात ब्रिस्टॉलच्या विल्स कंपनीने ती उचलून धरली. पंचवीस किंवा पन्नास चित्रांचा संच असे, एका पाकिटात एकच चित्र निघे. साहजिकच संच पुरा करण्यासाठी गिऱ्हाईक पुन्हा तीच सिगारेट घेई. जाहिरातीचा याहून स्वस्त मार्ग आजवर कोणाला सुचला असेल असे वाटत नाही.

हिंदुस्थानात हा माल दोन वाटांनी आला. विल्सची 'सिझर्स' म्हणजे आपली कैची छाप सिगारेट येथील ब्रिटिश फौजेत खपत असे, आणि तिच्यासाठी कंपनी वेगळे संच काढी. १९१२ च्या सुमाराचा हिंदी पलटणींचा संच त्यांतलाच. दुसरी वाट बिहारमधील मुंगेरची. तेथील पेनिन्सुलर टोबॅको कंपनीने हिंदू देवतांची कार्डे काढली होती. देवाचे चित्र सिगारेटच्या पाकिटात घालणे आज कोणाला मानवणार नाही. पण ती चित्रे मुलांनी वह्यांत चिकटवून जपली हेही तितकेच खरे. नगर हे लष्करी ठाणे असल्याने आमच्या डब्यातील चित्रे पहिल्या वाटेने आली, हे उघड आहे.

आता मुख्य मुद्दा. ही चित्रे शिळाछाप पद्धतीने म्हणजे लिथोवर छापली जात. ही कला म्युनिकच्या सेनेफेल्डरने १७९८ च्या सुमारास सिद्ध केली. विशिष्ट चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि वर छपाईची शाई फिरवायची. ओल्या भागावर शाई बसत नाही, तेलकट रेघेवर बसते. मराठी मुलुखाला ही कला नवीन नव्हती. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. पुण्याची चित्रशाळा १८७८ ची. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि अखेर एका जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. आपल्या आजीच्या देवघरातील लक्ष्मी आणि सोल्जराच्या खिशातील पलटणीचे चित्र यांची जात एकच.

रंगीत छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. पिवळा वाळला की तोच कागद लाल रंगाच्या दगडावर, मग निळ्याच्या, शेवटी रेघांच्या. प्रत्येक वेळी कागद नेमका त्याच जागी बसला पाहिजे. छापखान्यात याला 'रजिस्टर' म्हणतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. कार्ड एकेकटे छापीत नसत. मूळ चित्रावरून उतरवणीच्या कागदावर ठसे घेत आणि ते मोठ्या दगडावर ओळीने बसवीत. एका मोठ्या शीटवर अशी कितीतरी कार्डे एकदम उमटत, मग शीटची चळत रचून ती कापीत.

ही रीत नीट कळली म्हणजे चुका वाचता येतात. चूक किती कार्डांवर आढळते, हा प्रश्न प्रथम विचारावा. मूळ चित्रातच किंवा मूळ मजकुरातच चूक असेल, तर ती दुरुस्त होईपर्यंत त्या चित्राच्या प्रत्येक प्रतीवर उतरेल. उतरवणीच्या वेळी एखाद्याच ठशात अक्षर तुटले, तर शीटवरील त्या एका जागेची कार्डेच सदोष निघतील. त्याच चित्राची दुसऱ्या जागेवरची कार्डे स्वच्छ असतील. आणि कागद घालताना हात हलला, किंवा दमट हवेने कागद फुगला, तर त्या एकाच शीटवरील सगळी कार्डे बिघडतील आणि पुढची शीट पुन्हा ठीक येईल. म्हणजे चूक पाहून ती चित्रकाराच्या टेबलावर झाली, दगडावर झाली की छापताना झाली, हे बरेचसे सांगता येते.

याची सर्वांत अभ्यासलेली उदाहरणे अमेरिकेतील आहेत. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने बेसबॉल खेळाडूंची जी कार्डे काढली, त्यांना संग्राहक 'टी-२०६' या सूचिक्रमांकाने ओळखतात. त्यांत मगी नावाच्या खेळाडूचे स्पेलिंग चुकले. शेवटी दोन 'ई' हव्या होत्या, तेथे 'आय' आणि 'ई' पडले. थोड्याच काळात ते सुधारले गेले. ही मूळ मजकुरातली चूक. चुकीची कार्डे थोडी आणि बरोबर कार्डे पुष्कळ, यावरून छपाई चालू असतानाच दगडावर दुरुस्ती झाली हे सिद्ध होते.

डॉइलचे कार्ड मला याहून बोधक वाटते. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा दोन संघ होते, एक नॅशनल लीगमध्ये व दुसरा अमेरिकन लीगमध्ये; आणि दोन्हींत डॉइल आडनावाचा एकेक खेळाडू होता. छापणाऱ्यांनी अमेरिकन लीगच्या जो डॉइलच्या नावापुढे 'न्यूयॉर्क, नॅशनल' असे घातले. चूक उमगल्यावर त्यांनी काय केले? 'अमेरिकन' असे नवे अक्षर बसवले नाही, फक्त 'नॅशनल' काढून टाकले. सुधारलेल्या कार्डावर नुसते 'न्यूयॉर्क' आहे. याचे कारण दगडाच्या स्वभावात असावे. दगडावरील अक्षर खरवडून काढणे सोपे, त्याच जागी नवे उलटे अक्षर वळणदार काढणे अवघड. कारागिराने सोपी वाट धरली. एका गाळलेल्या शब्दावरून शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिराचा हात दिसतो, ही मला मोठी नवलाची गोष्ट वाटते.

स्नॉडग्रास नावाच्या खेळाडूच्या काही कार्डांवर पहिले 'एस' अक्षरच उमटलेले नाही, त्यामुळे त्याचे नाव 'नॉडग्रास' झाले. बोस्टनच्या स्वीनीच्या सदऱ्यावरचे लाल 'बी' अक्षर काही कार्डांवर नाही, कारण लाल शाईचा फेरच त्यावर पडला नाही. येथे सावधगिरी हवी. असे दुर्मिळ कार्ड महाग विकले जाते, तेव्हा साध्या कार्डावरचे अक्षर खोडून ते दुर्मिळ म्हणून खपवणारे निघणारच. परंतु लाल फेर खरोखर हुकला असेल, तर त्या कार्डावर लाल कोठेच असता कामा नये. ओठांना लाली आहे आणि अक्षर मात्र नाही, असे कार्ड संशयास्पद समजावे. खऱ्या चुकीला सुसंगती असते, बनावट चुकीला ती साधत नाही.

याच मालिकेतील होनस वॅग्नरचे कार्ड छपाईतून लवकर मागे घेतले गेले, म्हणून ते अत्यंत दुर्मिळ. २०२२ साली त्याची एक प्रत साडेबहात्तर लाख डॉलरला विकली गेली. त्याच कार्डाची आणखी एक प्रसिद्ध प्रत अनेक वर्षे निर्दोष म्हणून मिरवली. तिच्या कडा सुबक दिसाव्यात म्हणून कापल्या होत्या, अशी कबुली २०१३ मध्ये एका लिलावदाराने न्यायालयात दिली. वाकड्या कडेचे कार्ड त्यापेक्षा प्रामाणिक म्हणायचे!

मागे घेतलेल्या कार्डांची गोष्ट निघाली म्हणून एक नोंद करतो. विल्स कंपनीच्या थोर संगीतकारांच्या दुसऱ्या मालिकेतील आठ जर्मन कलावंतांची कार्डे पहिल्या महायुद्धात बदलण्यात आली. १९१५ साली वॉटर्लूच्या लढाईचा पन्नास कार्डांचा संच छापून तयार होता, पण दोस्त फ्रेंचांना वाईट वाटेल म्हणून तो बाजारात आलाच नाही. यांत छपाईची चूक नव्हती; काळ फिरला आणि कार्ड चुकीचे ठरले. त्याच सुमारास आपल्या नगरात जर्मन नागरिकांना स्थानबद्ध करून ठेवलेली छावणी होती. तेथील पहारेकऱ्यांच्या खिशातही सिगारेटची पाकिटे असतीलच.

असो. सिगारेट कॅम्पात ओढली जाई, गावात विडी. नगर आणि संगमनेर ही विड्यांची जुनी केंद्रे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांतील बायकांनी येथे पिढ्यान् पिढ्या विड्या वळल्या. विडीच्या बंडलावरही रंगीत लेबल असतेच. मग आपली नजर त्याच्याकडे का जाऊ नये, असे मनात आले. तोफखान्यात राहणाऱ्या एका मावशी पूर्वी कारखान्यात बंडलांना लेबल लावायच्या कामाला होत्या. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ट्रंकेतून जुन्या लेबलांचा गठ्ठा काढला. अर्ध्याअधिक लेबलांच्या पाठीवर मुलांनी पाढे लिहिलेले होते.

"मावशी, एवढी लेबलं घरी कशी आली?" मी विचारले.

"अरे, ही छाट हाय. इडीची छाट निघती तशी कागदाची बी निघती. वाकडं कापलेलं, रंग पसरलेलं लावलं तर चेकर बोलायचा. मग आणायचो घरी, पोरांना लिहायला."

छाट म्हणजे तपासनिसाने नापास केलेल्या विड्या. वळणारणीच्या मजुरीतून त्या वजा होतात, हे या शहरात कोणाला सांगायला नको. तोच शब्द कागदालाही आहे, हे मला त्या दिवशी कळले.

गठ्ठा जमिनीवर पसरला आणि वर सांगितलेली कसोटी लावून पाहिली. काही लेबलांवर निळा रंग सरकलेला होता, प्रत्येकावर वेगवेगळ्या अंतराने. ती छापतानाची चूक. पण दहा-बारा लेबलांवर एका अक्षराच्या पायाशी नेमका एकाच जागी, एकाच आकाराचा काळा ठिपका होता. हा शीटवरील एका जागेचा दोष. विशेष म्हणजे ही लेबले गठ्ठ्यात विखुरलेली नव्हती, एकाखाली एक लागून होती. शीटची चळत रचून कापली, की एकाच जागेची लेबले एकाच ढिगात पडतात. तो ढीग कोणी न विस्कटता मावशींच्या हाती आला असावा. ठिपकेवाल्या लेबलांचे प्रमाण काढून एका शीटवर किती लेबले होती हे ठरवण्याचा मोह मला झाला. पण हा गठ्ठा मुळात नापास मालाचा. त्यावरून असे गणित मांडणे चूक ठरेल म्हणून सोडून दिले. त्यासाठी न कापलेले एक तरी शीट मिळायला हवे.

अशी लेबले यापुढे फारशी मिळणार नाहीत. २००९ पासून तंबाखूच्या वेष्टनांवर धोक्याची सचित्र सूचना आली आणि २०१६ पासून तिने ८५ टक्के जागा घेण्याचा नियम झाला. तो योग्यच आहे. विडीने फुप्फुसे गेलेली माणसे आपल्या गल्लीत आपण पाहिली आहेत. परंतु जुने लेबल संपले ते संपले. सोल्जरांच्या कार्डांचे छापील सूचिग्रंथ आहेत, एकेका चुकीला त्यांत क्रमांक आहे. आपल्या जिल्ह्यातील लेबलांची मला ठाऊक असलेली वही एकच. ती मी गेल्या महिन्यात सुरू केली, आणि तिच्यात आजवर चौतीस नोंदी झाल्या आहेत.

दादाने सहा कार्डे पुण्याच्या एका व्यापाऱ्याला दाखवली. सातवेही मी मुद्दाम बरोबर दिले होते. ते त्याने न पाहताच परत केले. घरी आल्यावर भिंगाखाली धरले तेव्हा दिसले, की फेट्याबरोबर कमरपट्ट्याचा लालही तेवढाच आणि उजवीकडेच सरकला आहे; पिवळा आणि निळा मात्र जागेवर आहेत. म्हणजे फक्त लाल दगडावर कागद घालताना हात हलला होता. त्या शीटवर शेजारी छापलेली कार्डेही तशीच निघाली असणार. भिंगार-कॅम्पात कोणाच्या डब्यात दोन डोक्यांचा शिपाई असेल, तर कृपया मला दाखवावा.