खत-कारखान्याचें जिप्सम : शेतांत किती आणि भरावांत कसें?

मिरज, पलूस व वाळवा या तालुक्यांतील कृष्णा-वारणाकांठच्या पुष्कळ काळ्या जमिनी अतिपाण्यानें खारवट व चोपण झाल्या आहेत, हें वाचकांस सांगावयास नकोच. चोपण मातीच्या कणांस सोडियम चिकटून बसतो. जिप्सममधील कॅल्शियम त्यास हुसकून लावतो आणि सुटलेला सोडियम निचऱ्याच्या पाण्याबरोबर वाहून जातो. हें जिप्सम दोन प्रकारचें मिळतें : एक राजस्थानांतील खाणींचें, दुसरें खत-कारखान्यांतून निघणारें. या दुसऱ्याविषयीं कांहीं गोष्टी समजून घेणें अगत्याचें आहे.

फॉस्फेटचा दगड गंधकाम्लांत विरघळवून फॉस्फरिक आम्ल काढतात. एक टन आम्लामागें सुमारें पांच टन जिप्सम उरतें. मूळ दगडांत निसर्गतःच थोडें युरेनियम व त्यापासून झालेलें रेडियम असतें. युरेनियमचा बहुतेक भाग आम्लांत जातो. रेडियमचा बहुतेक भाग जिप्सममध्यें राहतो. रेडियम निम्में होण्यास सुमारें 1600 वर्षें लागतात. त्यापासून रेडॉन वायु निघतो. तो बंद घरांत सांचल्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचें भय असतें.

मग असें जिप्सम शेतांत घालावें कीं नाहीं? हिशेबच मांडूं. किरणोत्सर्गाचें माप बेकेरेल. सेकंदास एक अणु फुटला म्हणजे एक बेकेरेल. आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळानें 2009 सालीं बांधकामाच्या जिप्समसाठीं ग्रॅमला 1 बेकेरेल रेडियम ही मर्यादा घातली. तितक्याच रेडियमचें जिप्सम एकरीं 2 टन घातलें असें धरूं. म्हणजे एकंदर 20 लक्ष बेकेरेल झाले. एकराच्या वरच्या सहा इंच थरांत सुमारें साडेआठ लक्ष किलो माती असते. तेव्हां किलोमागें भर पडते ती सुमारें अडीच बेकेरेलांची; जगांतील मातींत सरासरीनें मूळचेच 30 ते 35 असतात. एका मात्रेनें भिण्याचें कारण नाहीं. तथापि रेडियम पिढ्यान्‌पिढ्या जात नाहीं. म्हणून दर वर्षीं अंदाजानें गाड्या रिकाम्या करणें शहाणपणाचें नव्हे. अमेरिकेनें 1992 सालीं शेतीसाठीं ग्रॅमला 0.37 बेकेरेल ही अधिक कडक मर्यादा ठरविली.

ढिगाची गोष्ट निराळी. शेतांत पसरून विरळ होणारा तोच पदार्थ ढिगांत लक्षावधि टन एकवटतो, आणि त्यांतील आम्लयुक्त पाणी खालीं झिरपूं पाहतें. अमेरिकेंतील फ्लोरिडा प्रांतांत 2016 सालीं अशा एका ढिगाखालची जमीन खचून सुमारें 80 कोटी लिटर दूषित पाणी भूगर्भांत गेलें. म्हणून अशा भरावाच्या तळाशीं घट्ट चिकणमाती व प्लास्टिकचें अस्तर, झिरपलेलें पाणी गोळा करण्याच्या नळ्या, वर मातीचें आच्छादन आणि भोंवतालच्या विहिरींची नियमित तपासणी ही व्यवस्था लागते. घातक औद्योगिक कचऱ्यासाठीं तळोजें व रांजणगांव येथें असे भराव बांधलेले आहेत. मुरमाचा जुना खड्डा म्हणजे भराव नव्हे. फुटक्या कातळांतून त्याचें पाणी थेट विहिरीस मिळतें.

तेव्हां वाचकांस सूचना :

1. माती तपासल्यावांचून व निचऱ्याचे चर काढल्यावांचून जिप्सम घालूं नये. निचरा नसेल तर सोडियम तेथेंच राहतो व पैसा वाया जातो.

2. विकणाऱ्याकडून मालाचा तपासणी-दाखला घ्यावा; रेडियमबरोबर फ्लोराइड व कॅडमियमही पाहावें.

3. जिप्समचा ढीग घराशेजारीं वा विहिरीजवळ ठेवूं नये. त्यानें घराची जोतीं भरूं नयेत.

4. पडीक जमीन वा खड्डा भरून देतों असें कोणी म्हटल्यास प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी पाहिल्यावांचून होकार देऊं नये.

5. भराव कायदेशीर असला तरी करार नोंदवावा आणि सातबाराच्या इतर हक्कांच्या रकान्यांत त्याची नोंद मागावी.

शेवटच्या सूचनेकडे विशेष लक्ष द्यावें. भाडें घेणारा पन्नास वर्षांत विस्मृतींत जातो, जमीन चार वाटण्यांतून फिरते, आणि पांचवा धनी तेथें घराचा पाया खणतो. खालीं काय पुरलें आहे हें त्यास कळण्यास कागदावांचून दुसरें साधन नाहीं.