नीट हुकली? सूत्रकृमींकडेही बघा

नीटचा निकाल लागला आणि मार्क कमी पडले, की घरात दोनच पर्याय निघतात: एक वर्ष रिपीट, नाहीतर बी.एस्सी.ला ‘टाकून देणं’. हा ‘टाकून देणं’चा सूर पालकांनी आधी सोडावा. रोग्याला बरं करायला डॉक्टर लागतो, तसा रोग पिढ्यानपिढ्या कसा बदलतो हे शोधणाराही लागतो.

सूत्रकृमी म्हटलं की डाळिंबवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण रोगांचा असा शोध घ्यायला सी. एलिगन्स हा त्या सूत्रकृमींचाच निरुपद्रवी भाऊबंद कामी येतो. जेमतेम एक मिलिमीटर लांब, पारदर्शक, आणि अंड्यातून निघाल्यावर तीन-चार दिवसांत स्वतः अंडी घालणारा. त्याच्याशी जोडलेल्या कामाला 2002 पासून चार नोबेल मिळाली आहेत. तरी मोकळ्या निसर्गात त्याला कोणते रोग होतात, याकडे लक्ष गेलं उशिरा. 2008 मध्ये पॅरिसजवळच्या कंपोस्टमधल्या कृमींच्या आतड्यात नेमॅटोसिडा पॅरिसी हा परजीवी आढळल्याचं प्रसिद्ध झालं. रेशीमकिड्यांचा पेब्रीन ज्या मायक्रोस्पोरिडियांमुळे होतो, त्यांच्याच गोतावळ्यातला हा. 2011 मध्ये ओर्सेच्या सडक्या सफरचंदातल्या कृमींत विषाणूही मिळाला.

रोजचं काम अगदी साधं दिसतं. आगरच्या प्लेटवर ई. कोलायचा पातळ थर, त्यावर नागमोडी रेघा ओढत फिरणारे कृमी, आणि चपट्या टोकाच्या प्लॅटिनमच्या तारेने त्यांना एकेक उचलणारे तुम्ही. खरी गंमत डीप फ्रीझरमध्ये आहे. उणे 80 अंशांला गोठवलेले कृमी कित्येक वर्षांनंतरही जिवंत होतात. म्हणजे पणजोबांना बाहेर काढून आजच्या जंतूशी झुंजवता येतं, आणि मधल्या काळात कोण किती बदललं ते मोजता येतं. इंडियाना विद्यापीठाच्या गटाने 2011 मध्ये सेरेशिया या रोगकारक जीवाणूला कृमींसोबत बदलत राहू दिलं. केवळ स्वफलनावर, म्हणजे जोडीदाराविना अंडी फळवण्यावर, चालणाऱ्या कृमींच्या वसाहती वीस पिढ्यांच्या आत नामशेष झाल्या. नराशी संकर करणाऱ्या तगल्या. लैंगिक प्रजनन का टिकलं, या जुन्या प्रश्नावर एवढा थेट प्रयोग क्वचितच झाला असेल.

आता वाटेचं आणि पैशांचं. बारावी सायन्सनंतर आयसरची अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट द्या. पुण्यात आयसर आहेच. साधी बी.एस्सी., एम.एस्सी. करूनही चालतं. पुढे नेट-जेआरएफ मिळालं तर महिना 37,000 रुपये फेलोशिप. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये या कृमीवर काम चालतं, पण तिथला भर मज्जापेशींवर आहे. परजीवींच्या उत्क्रांतीसाठी बहुधा बाहेर जावं लागेल. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं, त्यावर पोस्टडॉक. कायम नोकरी तिशी ओलांडल्यावरच. घरी कर्जाचा हप्ता थकलेला असेल, तर हे आधी स्पष्ट बोला. आणि संख्याशास्त्र टाळायला बायोलॉजी घेतली असेल, तर ही वाट घेऊ नका. इथे ते रोज लागतं.

शक्य झालं तर विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप घेऊन एखाद्या लॅबमध्ये जा. तिथे प्राध्यापकांना नव्हे, पीएच.डी. करणाऱ्या ताईला विचारा: शेवटचा प्रयोग कधी फसला, आणि मग तू काय केलंस?