चिंधीची चंची

शिंपी कापड बेततो, तेव्हा त्याच्या कात्रीखालून दोघी बाहेर पडतात: सदऱ्याची बाही आणि चिंधी. बाहीला मान मिळतो. चिंधी केरात जाते. वास्तविक दोघी एकाच ठाणातल्या. दोघींचे सूत एक, रंग एक, आणि दोघींसाठी झालेले श्रमही सारखेच.

या श्रमांची कोल्हापूर जिल्ह्याला जवळून ओळख आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात सूत काढण्याची व कापड विणण्याची गिरणी स्थापन केली. पुढे अनेक वर्षांनी ती बंद पडली. जवळच्या इचलकरंजी गावात १९०४ साली पहिला यंत्रमाग आला, आणि तेथील मागांचा खडखडाट आजही रात्रंदिवस चालू असतो. शेतकरी कापूस पिकवतो. कोणी त्याचे सूत काढतो. कोणी ते रंगवतो. कोणी रात्रपाळीला जागून मागावरचा तुटलेला धागा सांधतो. तेव्हा कोठे हातभर कापड तयार होते. चिंधी फेकली म्हणजे या सर्वांच्या श्रमांचा एक अंश फेकला जातो.

जुन्या काळच्या गृहिणींना ही गोष्ट कोणी सांगावी लागत नसे. लुगडे विरले, धोतर फाटले, तरी त्यांचे आयुष्य संपत नसे. त्यांचे थर एकावर एक अंथरून, धावदोरा घालून त्यांची वाकळ शिवली जाई. तिच्यात आजीच्या लुगड्याचा काठ असे आणि बाळाच्या अंगड्याचा तुकडाही असे. त्यामुळे वाकळ ऊब देई, तशीच घरातल्या माणसांची आठवणही जपून ठेवी. वाकळीतूनही जे तुकडे उरत, त्यांचे बटवे, पिशव्या आणि चंच्या होत.

चंची म्हणजे अनेक कप्प्यांची, गुंडाळून नाडीने बांधता येणारी कापडी पिशवी. पान, सुपारी, चुना, कात अशा वस्तू एकमेकींत मिसळू नयेत, म्हणून प्रत्येकीला निराळा कप्पा असे. शेतकरी ती कमरेला खोचून शिवारात जाई. जागा थोडी आणि व्यवस्था चोख, हाच चंचीचा गुण होय.

वस्तू जतन करण्याचे काम कापडाने मोठमोठ्या ठिकाणीही केले आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद कापडात बांधून ठेवलेले असतात. अशा प्रत्येक गठ्ठ्याला ‘रुमाल’ म्हणतात. असे हजारो रुमाल तेथे आहेत, आणि त्यांतील कागदांवरून मराठ्यांचा इतिहास लिहिला गेला. शाळेच्या पिशवीला आपण दप्तर म्हणतो. तो शब्दही मुळात कागदपत्रांच्या संग्रहाचाच आहे.

आता चंचीत पानसुपारीऐवजी पेन्सिली, पट्टी, खोडरबर, किंवा सुया, दोरा आणि गुंड्या ठेवता येतील. ती शिवण्याची रीत सोपी आहे.

प्रथम सुती चिंध्या धुऊन, वाळवून त्यांना इस्त्री करावी. नवे व जुने कापड एकत्र शिवण्यापूर्वी धुणे अवश्य असते. नाहीतर नवे कापड मागाहून आटते आणि शिवण सुरकुतते. नंतर चिंध्या एकमेकींना जोडून ४२ सेंटीमीटर लांब व २२ सेंटीमीटर रुंद असे दोन तुकडे करावेत. एक बाहेरच्या बाजूसाठी, दुसरा अस्तरासाठी. कप्प्यांसाठी ४२ सेंटीमीटर लांब व १३ सेंटीमीटर रुंद अशी तिसरी पट्टी घ्यावी आणि तिची वरची कड दुमडून शिवावी.

ही पट्टी अस्तराच्या सुलट बाजूवर, खालच्या कडा जुळवून ठेवावी. डाव्या कडेपासून ११, २१ व ३१ सेंटीमीटरांवर उभ्या शिवणी घालाव्यात, म्हणजे चार कप्पे होतील. त्यावर बाहेरचे कापड उलटे पसरावे. एक नाडी मध्ये दुमडून दोन्ही कापडांच्या आत ठेवावी. तिची घडी मात्र आखूड कडेशी आणावी, म्हणजे ती शिवणीत पकडली जाईल. आता चारी बाजूंनी कडेपासून एक सेंटीमीटर आत शिवावे. मात्र वरच्या बाजूला वीतभर जागा उघडी ठेवावी. तेथून चंची उलटवून सुलट करावी आणि उघडी जागा हाताने शिवून बंद करावी.

पहिल्या चंचीचे टाके वाकडेतिकडे पडतील. त्याने खिन्न होऊ नये. टाका उसवता येतो आणि पुन्हा घालता येतो. सुईचे काम हाताला हळूहळूच वळते, आणि हे काम मुलामुलींनी सारखेच शिकावे.

महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी आली, तेव्हा अनेक घरांतून कापडी पिशव्या पुन्हा बाहेर निघाल्या. सुती चिंधी अखेर मातीत मिसळून जाते. प्लॅस्टिक वर्षानुवर्षे तसेच राहते आणि गटारे तुंबवते. परंतु मातीत जाण्यापूर्वी चिंधीला आणखी बरीच वर्षे काम करता येते. त्यासाठी तिला फक्त एक सुई, थोडा दोरा आणि तिची किंमत जाणणारा हात हवा असतो.

शब्दार्थ
ठाण – कापडाचा अखंड लांब तुकडा. वाकळ – जुन्या कापडांची गोधडी. धावदोरा – सरळ घातलेले साधे टाके. शिवार – गावाभोवतालची शेती.

स्वाध्याय
१. चिंधी फेकणे म्हणजे श्रम फेकणे, असे का म्हटले आहे?
२. वाकळ घरातल्या माणसांची आठवण कशी जपते?
३. चंची आणि ‘रुमाल’ यांत कोणते साम्य आहे?
४. घरातील मोठ्या माणसांना विचारून एखाद्या जुन्या वाकळीत कोणाकोणाची वस्त्रे आहेत, ते आठ-दहा ओळींत लिहा.